पंगत उठल्यानंतर: उरलेले अन्न, खरकटे आणि तुमचे आरोग्य

मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रमाचा विवेकानंद जयंती महोत्सव तुम्ही पाहिला असेल. भाविक मोकळ्या शेतात ओळीने बसतात आणि ट्रॅक्टरमधून पुरी व वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद वाढला जातो. तुमच्या घरचे लग्न, तेरवी किंवा गावचा सप्ताह एवढा मोठा नसतो. प्रश्न मात्र तोच असतो: पंगत उठल्यावर उरलेल्याचे काय करायचे?

सोमठाण्याची आठवण

20 फेब्रुवारी 2024 रोजी याच बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातील सोमठाणा येथे सप्ताहात एकादशीची भगर-आमटी खाल्ल्यानंतर शेकडो लोकांना उलट्या-जुलाब सुरू झाले. बिबीच्या ग्रामीण रुग्णालयात जागा पुरली नाही. अनेकांना बाहेर जमिनीवर झोपवून, दोरीला सलाईन टांगून उपचार द्यावे लागले. ही विषबाधा कचऱ्यामुळे झालेली नव्हती. पण गावजेवणातली एक चूक किती घरांत पोहोचते आणि जवळच्या दवाखान्यावर किती ताण येतो, हे त्या रात्री दिसले.

उरलेले अन्न कधी फेकावे?

अन्न टाकणे आपल्या जिवावर येते, प्रसाद असेल तर जास्तच. म्हणून डबे भरून शेजारीपाजारी वाटले जातात. धोका इथेच आहे. शिजवलेले अन्न कोमट राहिले की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. काही जंतूंचे विष पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही. वास-चव चांगली आहे, म्हणजे अन्न चांगले आहे, असे समजू नका.

- शिजल्यावर 2 तासांहून जास्त वेळ बाहेर राहिलेला भात, वरण, भाजी, खीर किंवा बासुंदी वाटू नका. उन्हाळ्यात 1 तासच धरा.
- वाटायचेच असेल तर पंगत सुरू असतानाच, गरम असताना वेगळे काढा.
- ताटात उरलेले उष्टे कोणालाही देऊ नका.
- लहान मुले, गरोदर महिला, वृद्ध, मधुमेही आणि किडनीचे रुग्ण यांना शिळे देऊ नका.

खरकटे आणि पत्रावळी

मांडवामागे टाकलेल्या खरकट्यावर माश्या बसतात आणि त्याच पुढच्या पंगतीच्या अन्नावर येतात. कुत्री, डुकरे, उंदीरही जमतात.

- ओले खरकटे आणि सुका कचरा यांसाठी वेगवेगळे ड्रम ठेवा. पाणी निथळून खरकटे खड्ड्यात टाका आणि प्रत्येक थरावर माती किंवा पालापाचोळा घाला. खड्डा विहीर व हातपंपापासून दूर असावा.
- भात, पोळ्या, पुऱ्या गाईला एकदम भरपूर घालू नका. पोटात आम्ल वाढून जनावर दगावू शकते.
- पळसाच्या पत्रावळी कुजतात. प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदी प्लेट कुजत नाहीत. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे.
- कचरा पेटवू नका. प्लास्टिकच्या धुराने दम्याच्या रुग्णाला त्याच रात्री धाप लागू शकते.

शंभराहून अधिक लोकांचा कार्यक्रम असेल तर किमान 3 कामकाजाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवावे आणि कचरा वेगळा करावा, अशी अट 2016 च्या घनकचरा नियमांनी घातली. केटररशी बोलताना ताटांच्या भावाबरोबर कचरा कोण उचलणार, हेही ठरवून घ्या.

त्रास झालाच तर

1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ (चहाचा लहान चमचा) घालून घोट घोट पाजा. ओआरएसचे पाकीट असेल तर उत्तम. जुलाब थांबवणारी गोळी मनाने देऊ नका.

पुढीलपैकी काही दिसले तर लगेच दवाखाना गाठा:

- शौचातून रक्त
- जोराचा ताप
- 6-8 तास लघवी न होणे
- पाणीही पोटात न टिकणे
- ग्लानी किंवा सुस्ती
- बाळाचे डोळे खोल जाणे

एकाच जेवणानंतर अनेकांना त्रास झाला तर आरोग्य केंद्राला कळवा. उरलेले अन्न तेव्हा घाईने फेकू नका. झाकून थंड जागी ठेवा, कोणी खाणार नाही याची काळजी घ्या. तपासणीसाठी तोच नमुना लागतो.

पुढच्या कार्याची यादी कराल तेव्हा आचारी आणि मांडवाच्या खाली एक ओळ लिहा: खरकटे कोण, कुठे, किती वाजता नेणार.