देवाचे झाड आणि देवदारी खोके

आमच्या घरच्या माळ्यावर आजोबांच्या वेळचे एक देवदारी खोके आहे. जुन्या वह्या, मोडकी छत्री आणि दिवाळीचा आकाशकंदील ही मंडळी त्यात एकोप्याने नांदतात. लहानपणी 'देवदारी' या शब्दाचा मला ठाऊक असलेला अर्थ एवढाच, की जे लाकूड हलके, स्वस्त आणि खिळा ठोकताच चिरते ते देवदारी. साग तो साग आणि देवदारी ते देवदारी!

पुढे बी. ए.ला संस्कृत घेतले. वर्गात 'रघुवंशा'चा दुसरा सर्ग सुरू झाला आणि मी चपापलो. दिलीप राजा नंदिनी गाईच्या मागून हिमालयात जातो. तेथे एक सिंह गाईला धरतो आणि राजाला एक देवदार दाखवून सांगतो, की या झाडाला शंकराने पुत्र मानले आहे. पार्वतीने ते घड्याने पाणी घालून वाढवले. एका रानहत्तीने अंग घासून त्याची साल काढली, तेव्हा कार्तिकेयाला जखम व्हावी तशी ती कळवळली. तेव्हापासून या कुंभोदर नावाच्या सिंहाची नेमणूक झाडाच्या राखणीवर झाली. एका झाडाची साल निघाली म्हणून सिंहाचा पहारा! आणि आमच्या माळ्यावर त्याच नावाचे खोके!

मित्रहो, या दोन देवदारांमधले अंतर हाच माझ्या लेखाचा विषय आहे. ज्याला आपण देवाचे झाड म्हणतो, त्याचे आपण खोके कसे करतो?

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. बाजारात देवदारी म्हणून खपणारे लाकूड बहुधा चीड किंवा तत्सम झाडाचे असते. खरा देवदार तसा नाही. त्याच्या लाकडात सुगंधी तेल असते, त्याला वाळवी सहसा लागत नाही आणि ते शतकानुशतके टिकते. श्रीनगरच्या जामा मशिदीचे सुमारे पावणेचारशे खांब देवदाराचे आहेत. मनालीजवळ ढुंगरीला १५५३ साली बांधलेले हिडिंबेचे लाकडी मंदिर देवदारांच्या वनातच उभे आहे. अलमोड्याजवळच्या जागेश्वरला शंभरावर लहानमोठी मंदिरे देवदारांच्या सावलीत आहेत. आपल्याकडे बाळंतिणीला देतात त्या देवदार्वादी काढ्यातही हेच झाड असते. म्हणजे कधीही हिमालय न पाहिलेल्या मराठी घरातही त्याचा वास पोहोचलेला आहे.

देवदार हा सूचिपर्णी वृक्षांच्या कुळातला. हे कूळ सुमारे तीस कोटी वर्षांचे जुने आहे. फुलझाडे पृथ्वीवर फार उशिरा आली. अफगाणिस्तानापासून पश्चिम नेपाळपर्यंत, साधारण दीड ते तीन हजार मीटर उंचीवर देवदाराची वने आढळतात. झाड पन्नास मीटरपर्यंत उंच जाते. त्याचे शंकू पिकायला वर्षाहून अधिक काळ लागतो. पिकल्यावर ते चिडाच्या शंकूसारखे अखंड खाली पडत नाहीत. झाडावरच त्यांचे खवले सुटतात आणि पंख असलेले बी वाऱ्यावर जाते. अनेक शतके जगलेले देवदार आजही उभे आहेत. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्यांच्या खोडातील वलये मोजून गत शतकांतील पावसापाण्याचा अंदाज बांधला आहे. ज्या वर्षांची बखर कोणी लिहिली नाही, त्यांची नोंद या झाडांनी ठेवली आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून अस्सल दफ्तर कोठे मिळणार?

परंतु जुने वन म्हणजे केवळ जुन्या झाडांची बेरीज नव्हे. तेथे उभ्या झाडाइतकेच पडलेले झाडही कामाचे असते. कुजणाऱ्या ओंडक्यात किडे, बुरशी आणि पक्षी यांचा संसार चालतो, आणि त्याच ओल्या कुजीत नवी रोपे मूळ धरतात. उतारावरची माती मुळांनी आवळून धरलेली असते. हे सारे घडायला शतके लागतात. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सारा वाद तिच्यावरच आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली, हे आपण शाळेपासून घोकत आलो आहोत. तो प्रगतीचा दिवस होता यात शंका नाही. पण रुळांखाली काय घातले, हे पाठ्यपुस्तकाने आपल्याला विचारले नाही. मैलभर मार्गाला सुमारे पावणेदोन ते दोन हजार स्लीपर लागत. तेलपाण्याची प्रक्रिया न करता टिकणारी लाकडे मुख्यतः तीनच, साग, साल आणि देवदार. १९१० पर्यंत देशातील लोहमार्ग पन्नास हजार किलोमीटरच्या वर गेला. उत्तरेकडील मार्गांसाठी हिमालयातल्या देवदारांवर कुऱ्हाड चालली. १८५० च्या सुमारास गंगोत्रीच्या वाटेवरील हरसिलला फ्रेडरिक विल्सन नावाच्या इंग्रजाने टिहरीच्या राजाकडून जंगलाचा ठेका मिळवला आणि भागीरथीच्या प्रवाहात ओंडके सोडून खाली मैदानात पोहोचवले. ज्या नदीला आपण पापे धुण्यासाठी भजतो, तिनेच देवाची झाडे वाहून नेली. पुढे १८७८ च्या वनकायद्याने मोठमोठी जंगले सरकारच्या ताब्यात घेतली आणि पिढ्यानपिढ्या तेथे लाकूडफाटा आणि चारा गोळा करणाऱ्यांचे हक्क आकुंचित झाले.

आता कोणी म्हणेल, हे इंग्रजांनी केले. आपली संस्कृती तर वृक्षपूजक! हा युक्तिवाद मला पटत नाही. देवदाराची एक सख्खी बहीण लेबनॉनमध्ये आहे, तिला सीडर म्हणतात. मेसोपोटेमियातील गिल्गमेशाच्या प्राचीन महाकाव्यात सीडरच्या अरण्याला हुंबाबा नावाचा राखणदार आहे. गिल्गमेश त्याला ठार मारतो आणि झाडे तोडून देवळासाठी भव्य दरवाजा करतो. देवाचीच झाडे आणि देवाच्याच देवळाला! पुढे फिनिशियनांनी त्यांची जहाजे केली. दुसऱ्या शतकात रोमचा सम्राट हेड्रियन याने खडकांवर अक्षरे कोरवून काही जातींची झाडे स्वतःसाठी राखून ठेवली. १८७६ साली व्हिक्टोरिया राणीच्या पैशाने एका उरलेल्या राईभोवती शेळ्यांपासून संरक्षणासाठी भिंत बांधली गेली. आज सीडर लेबनॉनच्या राष्ट्रध्वजावर आहे, धर्मग्रंथात आहे, काव्यात आहे. डोंगरावर मात्र पूर्वीच्या विस्ताराचे तुकडेच उरले. वंदन करणारे हात आणि तोडणारे हात पुष्कळदा एकाच शरीराचे असतात, हे आपण कबूल केले पाहिजे.

मग वन वाचते कशाने? माझ्या मते, त्याच्याशी ज्यांचे रोजचे जगणे बांधलेले आहे त्यांच्या हाती त्याचा निर्णय असेल, तर ते वाचते. २६ मार्च १९७४ रोजी रेणी गावची पुरुषमंडळी बाहेर गेलेली असताना गौरादेवी आणि गावातील बायका ठेकेदाराच्या माणसांपुढे उभ्या राहिल्या. जंगल हे त्यांना माहेर वाटत होते. काव्यातल्या पार्वतीचे हिमालय हे माहेर, आणि रेणीच्या बायकांचेही तेच. फरक इतकाच, की यांच्या मदतीला सिंह नव्हता. आपल्या सह्याद्रीतल्या देवरायांचा वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी अभ्यास केला, तेव्हाही हेच दिसले. जेथे गावाचा धाक आणि गावाची गरज दोन्ही जिवंत होती, तेथे राई टिकली.

हा प्रश्न जुना झालेला नाही. २०२४ साली जागेश्वरच्या वाटेवर रस्ता रुंद करण्यासाठी देवदारांवर खुणा झाल्या. गावकऱ्यांनी विरोध केला आणि शासनाला फेरविचार करावा लागला. विल्सनच्या त्याच हरसिलच्या परिसरात, गंगोत्रीच्या रस्त्यासाठी हजारो देवदार तोडण्याच्या बेतावरून वाद पेटला आहे. तेथून जवळचे धराली गाव ५ ऑगस्ट २०२५ च्या पुरात चिखलाखाली गाडले गेले.

रस्ता नको, असे मी म्हणत नाही. आजारी माणसाला दवाखान्यात पोचवायचे आहे, सैन्याला सीमेवर जायचे आहे. येथे पंख्याखाली बसून डोंगरातल्या माणसाला 'तू पायवाटेनेच चाल' असे सांगणे हा निव्वळ उद्धटपणा होईल. माझा आक्षेप हिशेबाला आहे. 'एक तोडले तर दहा लावू' असे आपल्याला सांगितले जाते. अहो, पाचशे वर्षांच्या झाडाबदली दहा रोपे म्हणजे आजोबांच्या बदली दहा तान्ही बाळे! बाळे हवीतच, पण त्यांना आजोबांच्या आठवणी कोठून येणार? जुन्या वनाला भरपाई नसते. म्हणून अशी वने भरपाईच्या कोष्टकातून सरळ बाहेर काढावीत, रस्त्याची रुंदी वनाकडे पाहून ठरवावी, आणि तेथील ग्रामसभेचा शब्द अखेरचा मानावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि आपण? दर जुलैत आपल्या महाविद्यालयातही वृक्षारोपण होते. पाहुणे येतात, छायाचित्र निघते. मी तीन वर्षे पाहतो आहे, खड्डे तेच आहेत. गेल्या वर्षीचे रोप वाळले म्हणूनच यंदाच्या पाहुण्यांची सोय होते! गुरुजनांची क्षमा मागून सुचवतो, की यंदा एकच झाड लावावे आणि उन्हाळ्याच्या सुटीत त्याला पाणी घालणाऱ्याचे नाव फलकावर लिहावे. पाहुण्यांचे नाव नसले तरी चालेल.

परवा मी माळ्यावरचे ते खोके खाली काढून हुंगून पाहिले. धुळीशिवाय कसलाच वास आला नाही. तो खरा देवदार नव्हताच. पण तेही कोठल्या तरी डोंगरावर उभे असलेले एक झाड होते, आणि त्याचे नावसुद्धा आम्ही विचारले नव्हते.

— तृतीय वर्ष, कला