प्लेग : आजार लपवला की साथ वाढते

प्लेग हा जिवाणूंमुळे होणारा आजार. उंदरांवरच्या पिसवा तो माणसापर्यंत आणतात. १३४७ नंतरच्या चार-पाच वर्षांत युरोपातले निदान एक तृतीयांश लोक त्याने दगावले. कारण माहीत नव्हतं, म्हणून विहिरीत विष कालवल्याचा आळ ज्यू लोकांवर घेतला गेला आणि अनेकांना जिवंत जाळलं.

१८९७ मध्ये पुण्यात साथ आली, तेव्हा जिवाणू सापडून तीन वर्षं झाली होती. पण रँडच्या गोऱ्या शिपायांनी घरात घुसून झडत्या घेतल्या आणि लोक रुग्ण लपवू लागले. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेहून लाखो लोक घाबरून निघाले. आपल्या खानदेशातली किती घरं सुरतेवर पोट भरतात, हे पारोळेकरांना सांगायला नको.

माझं मत असं : रुग्णाला गुन्हेगार ठरवलं की तो लपतो, आणि लपवलेला आजार पसरतो. आज प्लेगवर अँटिबायोटिक्स आहेत, पण ती लवकर सुरू व्हावी लागतात. टीबीचंही तसंच. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर सरकारी दवाखान्यात थुंकी मोफत तपासून घ्या. शेजाऱ्याला टीबी निघाला, तर त्याला वाळीत टाकू नका. औषधांचा कोर्स पूर्ण करायला मदत करा.