क्षयाचे निदान आणि यंत्राचा कौल

छातीचा एक्स-रे पाहून क्षयरोगाचा संशय संगणकाने सांगावा की डॉक्टरने, या प्रश्नावर सुशिक्षित समाजात दोन तट पडले आहेत. एक पक्ष म्हणतो, यंत्राला थकवा नाही, रजा नाही, पक्षपात नाही; तेव्हा त्याच्या शब्दावर निःशंकपणे विसंबावे. दुसरा पक्ष विचारतो, ज्याला रोग्याचा खोकला ऐकू येत नाही आणि त्याच्या घरची स्थिती ठाऊक नाही, त्याच्या हाती माणसाचा जीव द्यावा कसा? दोन्ही पक्षांचा आवेश मोठा आहे. परंतु परभणी जिल्ह्यापुरते बोलायचे तर दोघांचाही प्रश्न चुकीच्या जागी उभा आहे. पालम किंवा सोनपेठ तालुक्यातील खेड्यात एक्स-रे वाचणारा तज्ज्ञ बसलेला नसतो. तेथे निवड यंत्र आणि तज्ज्ञ यांच्यात नसून यंत्र आणि कोणीच नाही यांच्यात आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात असे आढळले की, एक्स-रे काढला नसता तर सुमारे ४३ टक्के रोगी हाती लागलेच नसते. खोकला नाही, ताप नाही, पण फुप्फुसात रोग आहे, अशी ही माणसे. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षांवरील व्यक्तींच्या प्राथमिक तपासणीत, तज्ज्ञाच्या जागी संगणकाने एक्स-रे वाचण्यास मान्यता दिली. त्याच वर्षी ढाका येथील सुमारे २४ हजार लोकांच्या एक्स-रेंवर पाच संगणकीय प्रणाली पारखण्यात आल्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांत मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीची ‘क्यूएक्सआर’ ही प्रणालीही होती. पाचही प्रणाली तेथील अनुभवी तज्ज्ञांपेक्षा सरस ठरल्या.

यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही. माणसाची नजर अचूक असते, हा समज फार पूर्वीच खोटा ठरला आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेत झालेल्या पाहणीत दोन तज्ज्ञांचे एकाच एक्स-रेबद्दल मतभेद तर दिसलेच, शिवाय तोच तज्ज्ञ तोच एक्स-रे दुसऱ्यांदा पाहताना स्वतःच्याच पहिल्या मताशी असहमत होत असल्याचे आढळले. १९७२ साली इंग्लंडमधील लीड्स येथे पोटदुखीच्या ३०४ रोग्यांवर संगणकाची परीक्षा घेण्यात आली. संगणकाचे निदान सुमारे ९२ टक्के प्रसंगी बरोबर आले, वरिष्ठ डॉक्टरांचे सुमारे ८० टक्के. म्हणजे यंत्राची ही कर्तबगारी काही आजची नव्हे.

पण नाण्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ढाक्याच्या त्याच अभ्यासात, वृद्धांच्या आणि पूर्वी क्षय होऊन गेलेल्यांच्या बाबतीत पाचही प्रणालींची कामगिरी घसरली. जुन्या जखमेचा वण आणि नवा रोग यांतील भेद यंत्राला नीट उमगेना. २०१८ साली अमेरिकेत न्यूमोनिया ओळखणाऱ्या एका प्रणालीची तपासणी झाली, तेव्हा आढळले की एक्स-रे कोणत्या रुग्णालयातला आहे हेच ती ओळखू शकते आणि नव्या रुग्णालयात तिची अचूकता कमी होते. एका गावची हुशारी दुसऱ्या गावी चालेलच असे नाही, हा धडा आपणही घेतला पाहिजे.

आता साधे अंकगणित करू. सर्वेक्षणाच्या प्रमाणाने दहा हजार प्रौढांत क्षयरोगी असतील सुमारे ३०. जागतिक आरोग्य संघटनेची किमान अट जेमतेम पुरी करणारे यंत्र, म्हणजे शंभर रोग्यांतील ९० पकडणारे आणि शंभर निरोग्यांतील ७० सोडून देणारे, त्यांच्यावर चालविले, तर २७ रोगी सापडतील, तिघे निसटतील आणि सुमारे तीन हजार निरोगी माणसे संशयित ठरतील. संशयितांच्या शंभरांत खरा रोगी एखादाच! म्हणून यंत्राचा कौल हा संशय होय, निवाडा नव्हे. निवाडा व्हायचा तो बेडक्याच्या तपासणीने, सीबीनॅट किंवा गोव्यात तयार होणाऱ्या ट्रूनॅटसारख्या चाचणीने.

खरी मेख येथेच आहे. यंत्र प्रत्येक एक्स-रेला गुण देते. कितव्या गुणाच्या वरचा माणूस संशयित समजावयाचा, ती रेघ मात्र माणसे ओढतात. बेडका तपासण्याचे साहित्य अपुरे असले की रेघ वर सरकविण्याचा मोह होतो. संशयित कमी होतात, कागदावर काम सुबक दिसते आणि ज्यांचे गुण रेघेच्या किंचित खाली राहिले ते रोगी निरोगी म्हणून घरी परततात. दोष यंत्राच्या माथी जातो. निर्णय घेणारा पडद्याआडच राहतो. उलट रेघ फार खाली ओढली आणि चाचणी महिनाभर लांबली, तर ज्या घरात मुलीचे लग्न ठरावयाचे आहे त्या घरावर विनाकारण संशयाचे सावट पडते. ही रेघ प्रत्येक प्रदेशात तेथील रोगमान पाहून ठरवावी, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

आणखी एक गोष्ट. ७ डिसेंबर २०२४ रोजी ३४७ जिल्ह्यांत शंभर दिवसांची क्षयरोग मोहीम सुरू झाली आणि हातात धरून नेता येणारी एक्स-रे यंत्रे गावोगाव फिरली. पुढे मोहीम देशभर विस्तारण्यात आली. पण डिसेंबर ते मार्च हा ऊसतोडीचा हंगाम. गंगाखेड, सोनपेठ या भागांतील ऊसतोड कामगार तेव्हा फडावर असतात. जो गावातच नाही, त्याच्या छातीची परीक्षा जगातील सर्वोत्तम यंत्रही करू शकत नाही.

आमच्या मागण्या चार आहेत. ती रेघ कोणी आणि कोणत्या आधारावर ठरविली, ते जिल्हा क्षयरोग विभागाने जाहीर करावे. संशयिताला एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला यावे लागू नये. बेडक्याचा नमुना गावातच घेऊन पुढे पाठवावा. किती संशयित, किती तपासले, किती रोगी आणि किती वाटेतच गळाले, याचा हिशेब दरमहा प्रसिद्ध व्हावा. शिवाय यंत्राने निर्दोष ठरविलेल्यांतील काहींची फेरतपासणी परभणीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने करावी, कारण निसटलेल्यांचा पत्ता अन्यथा कधीच लागत नाही. आणि ऊसतोड कामगारांची तपासणी ते गाव सोडण्यापूर्वी, दसऱ्याच्या आधी, व्हावी.

यास पैसा कोठून आणावयाचा, असे कोणी विचारील. एक्स-रे वाचण्याचा जो खर्च यंत्राने वाचविला, तो चाचणीवर खर्च करावा, हे त्याचे उत्तर. यंत्र आल्यामुळे माणसांचे काम संपले, असे समजून तो पैसा अन्यत्र वळविला, तर रोग जेथे होता तेथेच राहील. यंत्रावर विश्वास ठेवावयास आमची हरकत नाही. त्याच्या चुकांचा हिशेब मात्र जनतेपुढे आला पाहिजे, आणि त्या हिशेबाखाली एका जबाबदार अधिकाऱ्याची सही असली पाहिजे.