वडिलांची पंचाहत्तरी, आईची तिथि

आईबापांच्या वयाचा एखादा टप्पा पूर्ण झाला म्हणजे मुलाबाळांनीं एकत्र जमून तो दिवस साजरा करावा, ही आपल्याकडील जुनी व चांगली रीति आहे. साठ वर्षें भरलीं कीं षष्ट्यब्दिपूर्ति, पंचाहत्तर भरलीं कीं अमृतमहोत्सव आणि ऐंशी ओलांडल्यावर सहस्रचंद्रदर्शन. यांतील शेवटच्या विधीचा हिशेब मोठा मनोहर आहे. वर्षाला बारा पौर्णिमा आणि अधिक मासांमुळें पडणारी भर निराळी. असें मोजीत गेल्यास ८० वर्षें व सुमारें १० महिने एवढ्या अवधींत माणसाच्या डोक्यावरून एक हजार पूर्णचंद्र जातात. एवढें आयुष्य ज्यास लाभलें, त्यास नातवंडांनीं ओवाळावें यांत गैर कांहींच नाहीं. आमचा प्रश्न एवढाच कीं, अलीकडे ज्या पद्धतीनें हे सोहळे होतात त्यांत ओवाळलें जातें तें कोणास?

आतां लहान गांवींही मंगल कार्यालय ठरतें, चौकांत फलक लागतो, ध्वनिक्षेपक गर्जूं लागतो. सत्कारमूर्ति शाल पांघरून तीन तास उंच खुर्चीवर बसते. भाषणें कानीं पडत नाहींत, गुडघे दुखूं लागतात. पण उठतां येत नाहीं, कारण छायाचित्रें अद्याप व्हावयाचीं असतात. पंक्तींत पक्वान्नें पुष्कळ असतात, परंतु दांत नसलेल्या माणसास खातां येईल असा पदार्थ असेलच असें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळच्या गाडीनें पुण्यामुंबईचीं मुलें परत जातात आणि घरांत हारांचें निर्माल्य तेवढें मागें राहतें. हौसेला आमचा विरोध नाहीं. परंतु ज्याचा वाढदिवस त्याचीच इच्छा विचारण्याचें राहून जावें, हें आम्हांस बरें वाटत नाहीं.

याहून निराळ्या रीतीचें उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. आपल्याच वर्धा जिल्ह्यांत, सेवाग्राम येथें, २ ऑक्टोबर १९४४ रोजीं एक पंचाहत्तरी झाली. ज्यांस सारा देश ‘बापू’ म्हणत असे, त्या महात्मा गांधींची ती पंचाहत्तरी. तें वर्ष आनंदाचें नव्हतें. २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं पुण्याच्या आगाखान महालांत, बंदिवासांतच, कस्तुरबांचें देहावसान झालें होतें. ६ मे रोजीं गांधीजींची सुटका झाली. पण घरीं परतल्यावर बासष्ट वर्षांची सोबतीण तेथें नव्हती. अशा माणसाचा वाढदिवस कसा करावा? हारतुरे घालून त्याचें दुःख झांकतां आलें नसतें. लोकांनीं एक फार समंजस गोष्ट केली. कस्तुरबांच्या स्मारकासाठीं ७५ लक्ष रुपये जमविण्याचा संकल्प सोडला, आणि त्याची मुदत गांधीजींच्या वाढदिवसाची ठेविली. संकल्पाहून अधिक निधि जमला व त्या दिवशीं सेवाग्रामांत तो त्यांच्या स्वाधीन करण्यांत आला. या द्रव्याचा विनियोग खेड्यांतील स्त्रिया व मुलें यांच्याकरितां व्हावा, अशी गांधीजींची इच्छा होती, आणि तसेंच ठरलें.

या प्रसंगांतून आम्ही दोन गोष्टी घेतों. पहिली ही कीं, भेट वडिलांच्या मनाची असावी, देणाऱ्याच्या मिरवण्याची नसावी. गांधीजी आपल्या जयंतीस ‘चरखा जयंती’ म्हणत. आपल्या नांवापेक्षां आपलें काम लोकांच्या ध्यानांत रहावें, ही त्यांतील भावना होती. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. वडिलांच्या पंचाहत्तरीस मुलांनीं जी भेट दिली, ती आईच्या नांवाची होती. कस्तुरबांचाही जन्म १८६९ सालचाच. त्या हयात असत्या तर त्याही पंचाहत्तर वर्षांच्या असत्या.

येथें वाचकांनीं आपापल्या घराकडे पहावें. वडिलांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर असते, नोकरीच्या कागदांत असते. म्हणून त्यांची साठी व पंचाहत्तरी लक्षांत राहते. पण खेड्यांतील किती वृद्ध मातांची तिथि घरांत कोणास ठाऊक असते? “पोळ्याच्या आसपासचा जन्म” किंवा “गांधीजी शेगांवला आले त्या सालचा”, एवढीच खूण पुष्कळदां उरलेली असते. ज्या माउलीनें घरांतील प्रत्येकाचा वाढदिवस ध्यानांत ठेवून औक्षण केलें, तिचें औक्षण करण्याचा दिवस मात्र ठरलेलाच नाहीं! ही उणीव भरून काढण्यास पैसा लागत नाहीं. आईजवळ बसून विचारावें. तिच्या मामाकडील कोणी वृद्ध हयात असेल तर त्यास विचारावें. आणि कांहींच न मिळालें तर तिला आवडेल ती तिथि तिच्याच तोंडून ठरवून घ्यावी.

कोणी म्हणेल, थोरांची गोष्ट निराळी. कापसाच्या भावाकडे डोळे लावून बसणाऱ्या घरानें कसले सोहळे करावे? आमचें उत्तर असें कीं, खरा सोहळा याच घरास सहज साधेल. वाढदिवसाच्या जुन्या विधींत तरी काय असे? अभ्यंगस्नान, चिरंजीवांचें स्मरण, तीळगूळ घातलेलें दूध आणि निरांजनानें औक्षण. यांत परवडणार नाहीं असें कांहींही नाहीं. शेजारच्या गांवीं आईची एखादी बालमैत्रीण असेल, तिला गाडी करून आणावें. दोघींस निवांत बोलूं द्यावें. नातवंडांनीं जवळ बसून आजीच्या आठवणी वहींत उतरून घ्याव्या.

आणि मग उरलेल्या ३६४ दिवसांचाही विचार करावा. आईबापांचा सांभाळ मुलांनीं करावा यासाठीं २००७ सालीं आपल्या देशास कायदा करावा लागला. निर्वाहाची रक्कम मागण्यासाठीं न्यायाधिकरणें नेमावीं लागलीं. कायदा गरजेचा होता, म्हणून त्यास आम्ही दोष देत नाहीं. परंतु ज्या भूमींत आईबापांची सेवा करणाऱ्या पुंडलीकासाठीं देव विटेवर तिष्ठत राहिल्याची कथा घरोघरीं सांगतात, तेथें ही गरज पडावी, याची लाज मात्र सर्वांस वाटली पाहिजे. न्यायाधिकरण निर्वाहाचा आंकडा ठरवूं शकतें. सायंकाळीं घटकाभर जवळ येऊन बसण्याची आज्ञा तें देऊं शकत नाहीं.

१९४५ सालीं सेवाग्राम येथें कस्तुरबांच्या नांवानें स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं एक लहानसें रुग्णालय सुरू झालें. १९६९ सालीं, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, त्याच्या जोडीस वैद्यकीय महाविद्यालय उभें राहिलें. आजही खेड्यापाड्यांतून येणाऱ्या आया तेथें आपलीं लेंकरें घेऊन येतात. आईच्या नांवानें केलेलें काम असें दीर्घकाळ टिकतें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या हातीं आज द्रव्य नाहीं, परंतु वही व लेखणी आहे. या सुटींत घरीं गेल्यावर आजीची व आईची जन्मतिथि विचारा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.