पऱ्हाट्या, हळद आणि नवे विद्रावक

गेल्या कांहीं वर्षांत "हरित रसायन" या नांवाखालीं एका नव्या जातीच्या विद्रावकांचा बराच गाजावाजा होत आहे. त्यांस डीप युटेक्टिक सॉल्व्हंट असें म्हणतात. या लेखापुरतें आम्ही त्यांस सुद्रव विद्रावक म्हणूं. शेतांतील काड्या, साली व टरफलें यांतून मोलाचे पदार्थ निराळे काढण्याची युक्ति यांत आहे असें सांगितलें जातें, व तें खोटें नाहीं. परंतु ज्याच्या शेतांतील काडी, त्याच्या पदरांत काय पडणार हा प्रश्न सहसा कोणी काढीत नाहीं. तो येथें काढणें आम्हांस अवश्य वाटतें.

दोन घन पदार्थ योग्य प्रमाणांत एकत्र आले म्हणजे त्यांचें मिश्रण दोहोंपेक्षां कमी उष्णमानावर वितळतें, हा अनुभव आपल्या घरांतलाच आहे. आइस्क्रीमच्या सांच्याभोंवतीं बर्फांत जाडें मीठ टाकतात. नुसता बर्फ शून्य अंशावर वितळतो. मिठाच्या संगतीनें तो उणे २१ अंशांपर्यंत पाणी होऊं शकतो. डाग देणाराचें मिश्रणहि असेंच. कथील २३२ अंशांवर व शिसें ३२७ अंशांवर वितळतें, पण दोन्ही बरोबर प्रमाणांत मिळविलीं असतां १८३ अंशांवरच पातळ होतात.

नव्या विद्रावकांत ही घट फारच मोठी असते. इंग्लंडांतील लेस्टर विद्यापीठांत अँड्र्यू ॲबट व त्यांचे सहकारी यांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेलें उदाहरण शेतकऱ्यांस सहज समजेल, कारण त्यांतील दोन्ही द्रव्यें शेतीच्या व्यवहारांतलीं आहेत. एक कोलीन क्लोराइड, जें कोंबड्यांच्या खाद्यांत घालतात. त्याचा वितळबिंदू सुमारें ३०२ अंश. दुसरा आपला युरिया, जो १३३ अंशांवर वितळतो. वजनानें सात भाग पहिलें व सहा भाग दुसरें घेऊन ऊन करून ढवळलें कीं दोन पांढऱ्या भुकट्यांचा मिळून एक निर्मळ रस होतो, व तो १२ अंशांपर्यंत गोठत नाहीं. क्लोराइड युरियाच्या हायड्रोजनाशीं गुंतून बसतो, आणि मग दोहोंपैकीं कोणासच आपले स्फटिक बांधतां येत नाहींत. एवढेंच यांतील रहस्य.

पुढें २०११ सालीं हॉलंडांतील लायडेन येथील संशोधकांनीं साखर, सेंद्रिय आम्लें व कोलीन अशा वनस्पतींतच सांपडणाऱ्या द्रव्यांचे असे रस करून दाखविले. वनस्पतीच्या पेशींत पाणी व तेल यांखेरीज हा तिसरा द्रव असावा, आणि पाण्यांत न विरघळणारे रंग व औषधी द्रव्यें ती यांत सांठवीत असावी, असा त्यांचा तर्क आहे. रुटीन नांवाचें पिवळें द्रव्य या रसांत पाण्याच्या पन्नास ते शंभर पट विरघळतें असें त्यांस आढळलें. तर्क खरा ठरो वा न ठरो, रस उपयोगी आहेत यांत शंका नाहीं.

हळदीचेंच पाहा. तिच्यांत कुर्कुमिन वजनानें साधारण २ ते ५ टक्के असतें. तें पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं, म्हणून कारखान्यांत ॲसिटोनसारखे पेट घेणारे विद्रावक वापरतात. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेंत हेंच काम सुद्रव विद्रावकांनीं करून पाहिलें गेलें आहे. हे रस उडून जात नाहींत, त्यांचा वास कोंडत नाहीं, ठिणगीनें ते भडकत नाहींत. कामगाराच्या दृष्टीनें ही मोठीच गोष्ट होय.

पण जो गुण तोच दोष! हेक्झेन ६९ अंशांवर उकळतो. म्हणून तेलाच्या कारखान्यांत पेंडींतून तो वाफेनें काढून थंड केला कीं पुन्हां टांकींत येतो. सुद्रव रस वर येतच नाहीं. पाणी ओतून माल खालीं बसवावा लागतो, आणि मग तेंच पाणी आटवून रस परत मिळवावा लागतो. त्यास जळण लागतें. शिवाय हे रस पाण्याहून कित्येक पट दाट. कोठीच्या कोठी गाळावयाची झाली तर सोपें नाहीं. प्रयोगशाळेंतील बाटली व गांवांतील कारखाना यांत जें अंतर आहे तें बहुतेक येथेंच आहे.

"हरित" या विशेषणाविषयींहि आम्हांस थोडें बोलावयाचें आहे. कोलीन क्लोराइड कारखान्यांत बनतें तें एथिलीन ऑक्साइडपासून, म्हणजे बहुधा खनिज तेलांतून. आणि युरियासाठीं लागणारा अमोनिया आपल्याकडे मुख्यतः नैसर्गिक वायूपासून होतो. अनुदानाचा युरिया कारखान्यांकडे वळूं नये हाहि एक हेतु धरून २०१५ सालीं शेतीच्या सर्व युरियास निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा करण्यांत आला. या नव्या धंद्याच्या नांवानें आपल्या वांट्याच्या गोणीला पुन्हां पाय फुटूं नयेत, असें आमचें स्पष्ट मत आहे.

काड्यांचें काय? २०१२ सालीं आइंडहोव्हन येथील संशोधकांनीं दुग्धाम्लाच्या अशा रसांत लाकडांतील लिग्निन विरघळतें व सेल्युलोज तसाच राहतो असें दाखविलें. यावरून उसाच्या चिपाडाकडे कित्येकांची दृष्टि वळली आहे. आमच्या मतें ती चुकीच्या ठिकाणीं वळली. चिपाड टाकाऊ नव्हेच. तें बॉयलरांत जळून कारखाना चालवितें व वीज देतें. उसाचें पाचट जमिनींत कुजावें हेंच त्याचें योग्य स्थान. खरी वायां जाणारी वस्तु म्हणजे बांधावर पेटविल्या जाणाऱ्या पऱ्हाट्या. तथापि त्यांतून निघणारा माल स्वस्त व रस महाग, तेव्हां हा हिशेब आज जुळणें कठीण. प्रारंभ हळद, डाळिंबाची साल, कांद्याचीं टरफलें यांपासून करावा. साखर व सायट्रिक आम्ल यांच्या रसांत काढलेला खाद्य अर्क कित्येकदां रसासकटच विकतां येतो, म्हणजे वर सांगितलेली आटवणीची अडचणच उरत नाहीं.

आणि हा प्रारंभ उत्पादकांच्या संस्थांनीं करावा. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० सालीं सुरू झाला तेव्हां ऊस विकून मोकळें न होतां साखरेपर्यंत जाण्याचें धाडस तेथील शेतकऱ्यांनीं केलें. हळदीचा शेतकरी अद्याप बहुधा सौद्याच्या ढिगापाशींच थांबतो.

दरम्यान कोणी व्यापारी सालींचा किंवा काड्यांचा वार्षिक करार घेऊन दारीं आला, तर एका क्विंटलास रस किती लागतो, तो किती वेळां परत वापरला जातो, आणि धुण्याचें पाणी कोणत्या ओढ्यांत सोडणार, हें त्यास आधीं विचारावें. ओढ्याच्या पाण्यांत युरिया व क्षार उतरले तर खालच्या विहिरीच आपल्या आहेत. दर वाळलेल्या वजनावर ठरवावा, व ओलीची तूट किती धरणार तें करारांतच लिहून घ्यावें.