गोडी कोणाच्या कष्टाची?

दक्षिण चीनच्या ग्वांग्शी प्रदेशात, ग्वेइलिनच्या डोंगराळ परिसरात, लुओ हान ग्वो ऊर्फ मंक फ्रूटची वेल पिकते. नर व मादी फुले वेगवेगळ्या वेलींवर येत असल्याने शेतकऱ्याला एकेका फुलाचे परागीकरण हाताने करावे लागते. वाळविलेले फळ उकळून खोकल्यावर पिण्याची तेथील रीत जुनी आहे.

या लोकज्ञानाचे भांडवल पुढे इतरांनी केले. फळातील नकोशी चव काढण्याच्या प्रक्रियेचे पेटंट १९९५ साली प्रॉक्टर अँड गॅम्बल या अमेरिकी कंपनीने मिळविले. २०१० साली तेथील अन्न व औषध प्रशासनाने अर्काच्या वापरास हरकत घेतली नाही. मोग्रोसाइड या द्रव्यांमुळे अर्क साखरेहून शंभर-दोनशे पट गोड असतो. चिमूट पुरते, म्हणून पाकीट भरण्यास बहुधा एरिथ्रिटॉल मिसळतात. ते ग्लुकोज आंबवून कारखान्यात तयार होते. फळाचा अंश अत्यल्प, नाव मात्र फळाचे!

मधुमेह्यांना साखरेचा पर्याय हवा, याविषयी वाद नाही. परंतु घटकांचे प्रमाण पाकिटावर ठळक छापले जावे आणि किमतीतील परागीकरण करणाऱ्या हातांचा वाटा जाहीर व्हावा, ही मागणी रास्तच होय. 'नैसर्गिक' या शब्दाआड श्रम झाकले जाता कामा नयेत.