तगरीवरील राक्षस

शिक्षकाची अब्रू ही कांचेच्या भांड्यासारखी असते; ती कोणत्या दिवशीं व कोणाच्या हातून फुटेल याचा नेम नाहीं. माझी अब्रू गेल्या पावसाळ्यांत एका अळीनें घालविली. आठवीच्या मुलांनीं ती हकीकत शाळाभर पसरविलीच आहे. तेव्हां ती मीं स्वतःच येथें सांगितलेली बरी.

त्या दिवशीं बागकामाचा तास होता. भय हें अज्ञानाचें अपत्य होय, असा उपदेश मीं वर्गांत नुकताच केला होता. शाळेच्या बागेंतील तगरीचीं पानें कोणीतरी कुरतडलेलीं दिसलीं, म्हणून मीं एक फांदी बाजूस सारिली. तों दोन टपोरे निळे डोळे मजकडे रोखून पाहत आहेत! त्यांच्यामागें बोटाएवढें जाड, हिरवेंगार शरीर, आणि शेवटास एक शिंग! मीं किंकाळी फोडिली असें मुलांचें म्हणणें आहे. मीं केवळ मोठ्यानें श्वास घेतला अशी माझी आठवण आहे. माझी एक वहाण चिखलांत रुतून राहिली व मी तिच्यावांचून तीन हात मागें आलों, याविषयीं मात्र उभयपक्षीं वाद नाहीं.

“साप, साप!” म्हणून एक मुलगा ओरडला. “त्या शिंगांत विष असतें, लागलें तर माणूस पाणी मागत नाहीं,” असें दुसऱ्यानें सांगितलें. माळीबुवांनीं खोरें उगारलें, आणि मीहि “मारा, मारा!” असें म्हणालों, हें कबूल करतांना मला आज लाज वाटते. इतक्यांत नेहमीं मागच्या बांकावर बसणारा एक मुलगा पुढें झाला आणि शांतपणें म्हणाला, “सर, मारूं नका. ते तिचे डोळे नव्हेत.”

ह्या मुलास शास्त्राच्या परीक्षेंत मीं शंभरांपैकीं सव्वीस गुण दिले होते. त्यानें आम्हांस दाखविलें कीं, अळीचें खरें डोकें अगदीं लहान असतें. भय वाटतांच ती तें आंत ओढून घेते व मानेजवळचा भाग फुगविते. मग तेथील निळे ठिपके डोळ्यांसारखे दिसून पांखरें बिचकतात. शिंगानें तर कोणासहि दंश होत नाहीं. “तुला हें कसें ठाऊक?” “घरीं पाळली होती, सर.” “मग परीक्षेंत कां लिहिलें नाहींस?” “कोणी विचारलेंच नाहीं, सर.”

ती अळी कण्हेरीवर व तगरीवर वाढणाऱ्या एका पतंगाची होती. इ. स. १७५८ मध्यें लिनीअस ह्या स्वीडनमधील शास्त्रज्ञानें त्या पतंगास कण्हेरीवरूनच नांव दिलें. जी कण्हेर गुरांस विषासारखी बाधते, ती ही अळी सुखानें खाते! आम्ही तिला माती घातलेल्या खोक्यांत ठेविलें. कांहीं दिवसांनीं ती तपकिरी झाली व वाळलेल्या पानांखालीं जाऊन कोश करून राहिली. सुमारें दोन आठवड्यांनीं हिरव्या व गुलाबी नक्षीचा एक सुंदर पतंग बाहेर पडला, आणि दिवेलागणीस सर्व वर्गासमक्ष उडून गेला. माझें ऐकलें असतें तर तो खोऱ्याखालींच संपला असता.

सर्वच अळ्या निरुपद्रवी असतात असें मात्र कोणीं समजूं नये. इ. स. २०२२ च्या पावसाळ्यांत आपल्या महाराष्ट्रांत उसावरील ‘घोणस अळी’च्या दंशानें माणसें मरतात अशी आवई उठली होती. तिचे कांटे लागल्यास भयंकर आग होते हें खरें. पण ती जीवघेणी नाहीं, असें जाणत्यांस पुनःपुन्हा सांगावें लागलें. म्हणून हात लावूं नये, पण डोळेहि मिटूं नयेत. दुरून पाहावें, जाणत्यास विचारावें, आणि ऐकीव गोष्ट पुढें सांगण्यापूर्वीं थोडें थांबावें.

पालकांस माझी एक विनंति आहे. लहान मूल किडा पाहून प्रथम “हें काय?” असें विचारतें. त्यावर आपण “शी!” म्हणतों, नाहीं तर “मार!” म्हणतों. असें दहा वेळां झालें म्हणजे तो प्रश्न मरतो. आणि पुढें मुलास शास्त्राची गोडी नाहीं म्हणून आपणच शाळेकडे तक्रार घेऊन येतां. शलमोन राजा वृक्षांविषयीं बोले, तसाच सरपटणाऱ्या जीवांविषयींहि बोले, असें पवित्र शास्त्रांत लिहिलें आहे. राजास ज्यांत कमीपणा वाटला नाहीं, त्यांत आपणांस कां वाटावा?

त्या मुलाचे सव्वीस गुण मीं वाढविले नाहींत. नियम तो नियम. पण प्रश्नपत्रिका बदलली आहे. शाळेच्या बागेंत स्वतः पाहिलेल्या एका जीवाचें वर्णन करा, असा एक प्रश्न यंदा तींत असेल. ज्यांना उत्तर लिहावयाचें आहे त्यांनीं आतांपासूनच बागेंत जाऊं लागावें. वहाणा घट्ट बांधून मीहि बरोबर येईन.